दिवस वाढला म्हणणारे जोशीबुवा

कोणी ‘उद्या येतो’ म्हणालं की जोशीबुवा विचारायचे, ‘कोणत्या उद्या? सूर्याच्या की चंद्राच्या?’ बुवा थट्टा करताहेत असं वाटून समोरचा हसायचा, आणि बुवा मात्र उत्तराची वाट बघत उभे राहायचे. मला त्यांनी पहिल्यांदा हे विचारलं तेव्हा मी पंचविशीचा होतो आणि माझ्या हातात त्यांच्या घरचा गळका तांब्या होता. मी म्हटलं, ‘बुवा, मी जेवण झाल्यावर येतो.’

‘हे बरं,’ ते म्हणाले. ‘पोटाचं पंचांग सगळ्यांचं सारखं असतं.’

मी पुण्याच्या कसब्यातला तांबट. आमच्या आळीत दिवसभर ठोके चालतात, त्यामुळे चाळिशीपर्यंत आमचा एक कान जातो. माझा डावा गेला. बुवा तीन बोळ पलीकडे राहायचे. पंचांगाची गणितं करणं, लग्नामुंजीत घटका लावणं हा त्यांचा धंदा. पण बाकीच्या जोश्यांसारखं पोथीवर बोट ठेवून तिथी सांगून मोकळं होणं त्यांना जमत नसे. पोथीत लिहिलेलं आभाळात घडतंय की नाही हे ते स्वतः जाऊन बघत. अंगणाच्या मध्यभागी त्यांनी एक लाकडी खुंटी रोवली होती आणि तिची सावली कुठून कुठे जाते याच्या रेघा चुन्याने आखून ठेवल्या होत्या. जोशीणबाई त्या रेघा चुकवून पापड वाळत घालायच्या. वर्षातून दोनदा, दिवस आणि रात्र सारखी असते तेव्हा, सावलीचं टोक वाकडं न जाता सरळ रेघेत चालतं. त्या दोन दिवशी पापडही सरळ रांगेत असायचे आणि बुवा सगळ्यांना बोलावून दाखवायचे, ‘बघा, आज हिचे पापडसुद्धा बरोबर पूर्व-पश्चिम आहेत.’

त्यांची चंद्रावर माया होती. सूर्याबद्दल ते आदराने बोलत, चंद्राबद्दल घरातल्या माणसासारखं. सूर्याचा दिवस उगवतीला सुरू होतो, त्यात वाद नाही. तिथी चंद्राची, तो सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते, मग तेव्हा तुम्ही जेवत असा नाहीतर दाढी करत असा. चंद्र कधी भरभर चालतो, कधी रेंगाळतो, म्हणून तिथीही कधी लांबते, कधी आखडते. एखादी तर सूर्य उगवल्यानंतर लागते आणि दुसऱ्या दिवशीचा सूर्य उगवायच्या आत संपून जाते. तिचा क्षय झाला असं पंचांगात लिहितात. बुवांना अशा तिथीची फार दया यायची. ‘बिचारी आली आणि गेली,’ ते म्हणायचे, ‘उगवतीला तिचं नावसुद्धा कोणी घेतलं नाही.’ त्या दिवशी ते हटकून तिच्या नावाने एक पळी पाणी सोडायचे. शास्त्रात असं काही सांगितलेलं नाही, हे मला मागाहून दुसऱ्या एका भटजींनी सांगितलं.

लोणीचा एक पाटील दर साल-दोन सालांनी त्यांच्याकडे यायचा. जावयाला अनारसे करून घालायचे म्हणजे धोंड्याचा महिना कधी आहे ते आधी कळायला हवं.

‘बुवा, यंदा धोंडा हाय का न्हाई येवढंच सांगा. जावई आत्तापासून विचारतोय.’

बुवा त्याला येवढंच कसं सांगतील? त्यांनी त्याला ओसरीवर बसवलं. ‘पाटील, चंद्र बारा फेऱ्या करून घरी येतो तेव्हा सूर्याला पोचायला अजून अकरा दिवस असतात. पुढल्या साली आणखी अकरा. असं होता होता तीन वर्षांच्या आत एक महिना भरतो. मग आपण काय करायचं? चंद्राला म्हणायचं, बाबा, तू लवकर आलास, सूर्य पोचेतो दारात बैस. तो जो बसला, तो अधिक महिना.’

‘बरं. म्हंजे यंदा हाय?’

‘थांबवलं नाही तर काय होईल? दिवाळी पावसाळ्यात येईल.’

‘येऊ द्या की. पन यंदा हाय का?’

‘नाही,’ बुवा म्हणाले. ‘पुढल्या साली.’

पाटलाने सुटकेचा श्वास टाकला. त्याचा जावई दांडगा खाणारा असावा.

सूर्यग्रहणाचा एक दिवस मला विसरता यायचा नाही. अमावास्येला आमच्या आळीत ठोके बंद असतात आणि सूर्यग्रहण लागतं तेही अमावास्येलाच. ‘तुमची सुट्टी बघूनच लागतं,’ बुवा म्हणायचे. त्या दिवशी दुपारी सगळी आळी दारं लावून आत बसली होती, पाण्याच्या हंड्यांवर दर्भ ठेवले होते, आणि बुवा ओल्या धोतराने माझ्या दारात हजर.

‘तांबटा, पुरणाची चाळण आहे का?’

‘ग्रहणात पुरण?’

‘चाळण घे आणि बाहेर ये. वर बघू नकोस, डोळे जातील. खाली बघ.’

मी नुकतीच भोकं पाडून झालेली चाळण घेऊन बाहेर आलो. बुवांनी ती उन्हात आडवी धरली. खाली आमच्या शेणाने सारवलेल्या अंगणात उन्हाचे शे-दोनशे ठिपके पडले, आणि त्यातला एकही गोल नव्हता. प्रत्येक ठिपका चंद्रकोरीसारखा, एका बाजूने खाल्लेला. भोकं मी माझ्या हाताने पाडली होती, गोल पाडली होती. मी चाळण उलटी करून बघितली, पुन्हा धरली. पुन्हा तेच.

‘भोक तुझं, चित्र त्याचं,’ बुवा म्हणाले. ‘मध्ये चंद्र आलाय. उजेड अडवायला एवढासा चंद्र पुरतो. आणि पौर्णिमेला ग्रहण लागतं तेव्हा मध्ये आपण येतो. ती चंद्रावर पडलेली सावली आपली असते, या पृथ्वीची. राहू-केतू आहेत, मी आंघोळ करतोच. पण सावली आपली हे विसरायचं नाही.’

मी भीत भीत विचारलं, ‘मग माझीही सावली त्यात असते?’

त्यांनी या प्रश्नाचा खरोखर विचार केला. ‘असणार,’ ते म्हणाले. ‘पण शोधून सापडायची नाही.’ त्या दिवसापासून मला हा माणूस आवडायला लागला. माझ्या प्रश्नाला कोणी आधी विचार करून उत्तर दिल्याचं मला आठवत नव्हतं.

आता घटकेचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिच्यामुळे घडलं. घटकेचं भांडं म्हणजे तांब्याची लहानशी पातळ वाटी, तळाला बारीक भोक. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती सोडली की भोकातून हळूहळू पाणी चढतं आणि ती बुडते. बुडायला लागतो तो वेळ एक घटका. एका उगवतीपासून दुसऱ्या उगवतीपर्यंत अशा साठ वेळा बुडायला हवी. लग्नात अंतरपाट धरलेला असताना सगळ्यांचे डोळे त्या वाटीवर असतात; ती बुडाली की अक्षता. बुवांची वाटी माझ्या वडिलांनी घडवलेली होती आणि अख्ख्या पुण्यात तिच्याइतकी नेमकी दुसरी नाही, असं बुवा सांगत. मोठमोठ्या सरदारांच्या घरी लग्न निघालं की बुवांना वाटीसकट बोलावणं यायचं. मानाच्या जागी बसायला त्यांना मनापासून आवडे. सोवळ्यात गुंडाळलेली ती वाटी छातीशी धरून ते वाटेने निघाले की मी काम टाकून दारात उभा राहायचो. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्या हाताचं काम असं मिरवत जाताना बघून बरं वाटायचं.

वर्षातून दोनदा, ते पापड सरळ रांगेत असायचे तेव्हा, बुवा वाटी तपासायचे. उगवतीला सोडायची, बुडाली की उचलून पुन्हा सोडायची आणि बाजूला एक कवडी ठेवायची. पुन्हा सूर्य उगवेपर्यंत. अर्धा वेळ ते बसत, अर्धा वेळ जोशीणबाई. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं आणि हा त्यांच्या घरातला सण होता. पहिली कित्येक वर्षं साठ कवड्या भरल्या. मग एका वर्षी साठ भरून साठाव्या कवडीनंतर थोडं पाणी वाटीत चढलं, तेव्हा कुठे सूर्य वर आला. पुढच्या वर्षी जरा जास्त चढलं. अकरा वर्षांत मजल एकसष्ट कवड्यांवर गेली आणि बासष्टावी पाव भरली.

दुसरा कोणी असता तर वाटी बिघडली म्हणाला असता. बुवांच्या ते मनातही आलं नाही. ‘तुझ्या बापाने घडवलेलं भांडं चुकायचं नाही,’ ते मला म्हणाले. ‘दिवस वाढतोय. सूर्य दमलाय, दुसरं काय.’

खरं सांगतो, मलाही ते पटलं. आपल्या वडिलांच्या वाटीपेक्षा सूर्य चुकला असेल हे कोणत्याही तांबटाला पटलं असतं.

बुवा भेटेल त्याला सांगत सुटले. दिवस वाढलाय, जुनी गणितं आता लागू पडायची नाहीत, सगळी पंचांगं नव्याने मांडायला हवीत. शहरातले बाकीचे जोशी तोंडावर ‘हो का’ म्हणत आणि पाठ फिरली की हसत. लोणीच्या पाटलाने मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘तरीच म्हनतो, आमची बैलं अलीकडं दुपारीच का दमत्यात.’ बुवांनी ते वहीत लिहून घेतलं.

फाल्गुनात एका सरदारांच्या वाड्यात शहरातले पंचांग करणारे जमायचे. नव्या वर्षाच्या तिथ्या, ग्रहणं, मुहूर्त यांत कोणाचं काही जुळत नसेल तर तिथे वाद होऊन निकाल लागे. त्या साली बुवांनी आधीच कळवून ठेवलं की आपण अकरा वर्षांची टिपणं घेऊन येणार आणि दिवस वाढल्याचं सगळ्यांसमोर सिद्ध करणार. जुन्या वाटीसोबत नवी, अगदी तिच्यासारखी वाटी त्यांना तिथे दाखवायची होती. दोन्ही एकाच वेळी बुडाल्या की कोणाला तोंड वर काढता येणार नाही. नवी घडवायचं काम माझ्याकडे आलं.

वडिलांनी त्या भोकाच्या मापाची एक लोखंडी सुई वेळूच्या नळीत जपून ठेवली होती. मी नवी वाटी घडवली, सुई घट्ट बसेल एवढं भोक पाडलं. मग सहज म्हणून तीच सुई जुन्या वाटीच्या भोकात घातली. ती सरळ खाली पडली.

मी घंगाळात पाणी भरलं आणि दोन्ही वाट्या एकदम सोडल्या. जुनी बुडाली तेव्हा नवीचा काठ अजून पाण्यावर होता. मी तीन वेळा करून बघितलं. भोक मोठं झालं होतं, वाटी लवकर बुडत होती, म्हणून दिवसभरात जास्त वेळा बुडत होती. दिवस होता तेवढाच होता.

दोन दिवस मी दोन्ही वाट्या फडक्यात बांधून ठेवल्या. सांगितलं नाही तर बुवा भर सभेत दोन्ही वाट्या सोडणार आणि त्यांची अकरा वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बुडणार. पुन्हा कोणी त्यांना लग्नात घटका लावायला बोलावणार नाही. सांगितलं तर तेच दुःख घरात बसून व्हायचं. आणि दोन्हीकडून ठपका वडिलांवर येणार. हे शेवटचं माझ्या मनात सगळ्यात आधी आलं होतं, याची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या अंगणात गेलो आणि काही न बोलता दोन्ही वाट्या घंगाळात सोडल्या. बुवा उकिडवे बसून बघत राहिले. जुनी बुडाली. त्यांनी उचलून पुन्हा सोडायला लावल्या. पुन्हा तसंच. मग मी सुई काढून दाखवली.

‘म्हणजे सूर्य बरोबर होता,’ बुवा म्हणाले.

‘हो.’

‘अकरा वर्षं मी त्याला दमला म्हणत होतो.’ त्यांचा चेहरा बघून वाटलं, ती सुई मी आधीच नागझरीच्या ओढ्यात टाकून द्यायला हवी होती. मग त्यांनी विचारलं, ‘पण तांब्याचं भोक आपोआप कसं मोठं होईल?’

मी मागे वळून बघितलं. मागच्या अंगणात विहिरीपाशी जोशीणबाई सोवळ्याची भांडी घासत होत्या. लग्नात पूजली जाणारी ती वाटी बाई मोलकरणीला शिवू देत नसत. रोज स्वतः घासत, चिंच आणि राख लावून, आरशासारखी. मग झाडूची एक हीर घेऊन ती भोकात घालत आणि गरगर फिरवत. भोकात राख अडकून राहिली तर देवाचं भांडं अस्वच्छ राहील म्हणून. त्या दिवशी त्यांच्या हातात पळी-पंचपात्र होतं, पण ती हीर बाजूलाच ठेवलेली होती. बुवांनी ती पाहिली. तीस वर्षं ते हे रोज बघत आले असणार.

‘तिला हे सांगायचं नाही,’ ते हळूच म्हणाले. ‘कधीच नाही. शपथ घे.’

मी घेतली.

सभेला ते गेले. मी वाट्या आणि घंगाळ घेऊन पाठोपाठ गेलो आणि ओसरीच्या कडेला, माझ्या जागी उभा राहिलो. बुवा वेळ न घालवता म्हणाले, ‘गेली अकरा वर्षं मी दिवस वाढला असं सांगत आलो. तो माझा प्रमाद होता. दिवस साठ घटकांचाच आहे. माझ्या भांड्याचं भोक वाढलं होतं.’

कुजबुज सुरू झाली. एक वयस्क शास्त्री पान लावता लावता म्हणाले, ‘अहो, भोक वाढेल कसं? तांबटाचं कामच कच्चं असेल.’ सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

‘तांबटाचं काम चोख आहे,’ बुवा म्हणाले. ‘मी ते भांडं रोज चिंचेने घासत होतो. त्याने झिजलं.’

‘आपण? आपण घरी भांडी घासता?’

‘घासतो.’

मग जे हसू फुटलं ते थांबेना. कोणी विचारलं, खरकटीही काढता का. कोणी म्हणालं, दिवस वाढला तो भांडी घासण्यात जात असेल. बुवा हात जोडून उभे होते आणि हसू ओसरायची वाट बघत होते. मला वाटलं पुढे होऊन खरं काय ते ओरडून सांगावं. पण शपथ घेतली होती. त्या दिवशी माझ्या वडिलांचं नाव त्यांनी वाचवलं, आणि मी खाली बघत राहिलो.

त्या दिवसापासून ते चिंचजोशी झाले. पोरंटोरंसुद्धा म्हणायची. सरदारांकडची बोलावणी थांबली, दोन-चार साध्या घरांतली तेवढी राहिली. बुवांनी त्याबद्दल कुरकूर केलेली मी ऐकली नाही. अकरा वर्षांची वही त्यांनी फाडली नाही. प्रत्येक पानावर खाली ‘भोकाचा दोष’ असं लिहून टाकलं आणि कडेला खरा आकडा मांडला. मी घडवलेली नवी वाटी ते आता वापरत, आणि बाई तीही तशीच रोज घासत. म्हणून दर अमावास्येला, आमचे ठोके बंद असताना, बुवा वाटी धोतराच्या सोग्यात लपवून माझ्याकडे आणायचे. मी सुई घालून बघायचो, भोक कडेने हलक्या हाताने दाबून लहान करायचो, नीट करून द्यायचो. ‘बाईंना सांगा ना, हीर घालू नका म्हणून,’ मी एकदा म्हटलं.

‘का घालू नको म्हणून विचारलं तर?’ बुवा म्हणाले. ‘खोटं मला नीट बोलता येत नाही. एकदा बोललो, तेवढं पुरे.’

असं चौदा वर्षं चाललं. मग एका वैशाखात, भर दुपारी, सावली पायाशी आलेली असताना ते गेले.

त्यानंतर वर्षभराने जोशीणबाई माझ्या दारात आल्या. त्या माहेरच्या गावी निघाल्या होत्या आणि वाटी मला द्यायला आल्या होत्या. मी त्यांना बसायला पाट दिला. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, ‘एक विचारू का रे? लोक यांना चिंचजोशी का म्हणायचे? मी यांना विचारलं तर म्हणायचे, लोकांना काय, काहीही म्हणतात.’

मी म्हटलं, ‘आवडत असेल त्यांना चिंच.’

‘यांना? अरे, आम्ही कोकणातले. आमटीला आमसूल. चिंच घालून केलेलं काही यांच्या घशाखाली उतरायचं नाही. आमच्या घरात चिंच यायची ती फक्त भांडी...’

त्या बोलता बोलता थांबल्या. वाटी त्यांच्या मांडीवर होती. मी मान खाली घालून हातोडीचा दांडा पुसत बसलो. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

वाटी उचलून तळाच्या भोकावर बोट फिरवत त्या म्हणाल्या, ‘रोज सकाळी हातात घेऊन बघायचे. म्हणायचे, कसं लख्ख निघालंय. शेवटच्या दिवशीसुद्धा म्हणाले रे.’